मेंदूचे दोन फोटो

मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं, निदान सहसा पहिल्या डॉक्टरकडे होत नाही. एका डोळ्याची नजर चार-आठ दिवसांत अंधुक होते, डोळा फिरवला की आतून दुखतं. माणूस डोळ्यांच्या दवाखान्यात जातो, औषध घेतो आणि महिन्या-दीड महिन्यात नजर बरीचशी परतही येते. वर्षभराने पायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून कधी निसटली तेच कळत नाही. मग मणक्याची गादी सरकली असेल म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे फेऱ्या सुरू होतात. पुढे कधीतरी तोल जातो, एकाच्या जागी दोन दिसतात आणि घरातलं कोणीतरी लकवा मारल्याची शंका काढतं. तीन तक्रारी, तीन डॉक्टर, तीन फायली. बुलढाणा जिल्ह्यात मेहकरला, मलकापूरला किंवा जळगाव जामोदला राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत या तीन फायली तीन वेगवेगळ्या गावांत असतात, कारण मोठी तपासणी म्हटली की कोणी अकोला गाठतं, कोणी छत्रपती संभाजीनगर, कोणी जळगाव, तर कोणी थेट नागपूर. तिन्ही दुखणी एकाच आजाराची आहेत हे समजतं ते मेंदूचा एमआरआय झाल्यावर.

आजार जुना आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तां शार्को यांनी १८६८ साली त्याचं नीट वर्णन केलं. जिवंतपणी रुग्णाची लक्षणं टिपायची आणि मृत्यूनंतर मेंदू उघडून तो त्यांच्याशी ताडून पाहायचा, ही त्यांची पद्धत. मेंदूत आणि मज्जारज्जूत त्यांना जागोजाग घट्ट झालेले व्रण सापडले. मेंदूतल्या पेशींचे लांब तंतू मायलिन नावाच्या स्निग्ध आवरणात गुंडाळलेले असतात. आवरण शाबूत असलं की जाड तंतूतला संदेश सेकंदाला पन्नास ते शंभर मीटर वेगाने जातो. ते निघालं की संदेश रेंगाळतो, नाहीतर वाटेतच थांबतो. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच या आवरणावर उलटते. हल्ला ओसरला की सूज उतरते, आवरण थोडंफार पुन्हा बनतं, म्हणून गेलेली नजर परत येते. पण त्या जागी व्रण राहतो, आणि काही तंतू कायमचे तुटलेले असतात.

आपल्याकडे हा आजार नाहीच, असं बरीच वर्षं मानलं जाई. तो थंड प्रदेशातल्या गोऱ्या लोकांचा आजार, असं पाठ्यपुस्तकांचं मत होतं. या समजाला महाराष्ट्रात पहिला ठोस धक्का दिला तो पारशी समाजाच्या पाहणीने. मुंबईच्या पारशांमध्ये लाखामागे २६ जणांना एमएस असल्याचं डॉ. भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलं. १९९० मध्ये डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुंबईसाठी २१ आणि पुण्यासाठी ५८ हे आकडे दिले. पुण्यातला पारशी समाज लहान, त्यामुळे तो आकडा जपून वाचायला हवा. तरी आजार इथे आहे, हे त्यानंतर कोणालाच नाकारता आलं नाही. त्याआधीच, १९८५ मध्ये, मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली होती. पुढे मंगळुरू शहरात झालेल्या पाहणीत सर्वसाधारण लोकसंख्येत लाखामागे ८ हून थोडं अधिक प्रमाण आढळलं. उत्तर युरोपात ते शंभराच्या वर, काही भागांत दोनशेच्याही वर आहे. मंगळुरूचं प्रमाण बुलढाण्याला जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण नुसत्या हिशोबापुरतं धरलं, तर २०११ च्या जनगणनेतल्या पावणेसव्वीस लाखांहून अधिक लोकांमध्ये दोनशेच्या वर माणसं निघतात. बहुतेकांचं वय वीस ते चाळीस, आणि जगभरचा अनुभव धरला तर त्यांत पुरुषांच्या किमान दुप्पट बायका. दोनशे हा आकडा जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्यात उठून दिसत नाही. ज्या घरात कमावत्या वयात हा आजार येतो तिथे मात्र सगळं घर त्याच्याभोवती फिरू लागतं.

व्रण पाहायला मृत्यूनंतरची वाट पाहावी लागू नये, ही सोय १९८१ साली झाली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात इयन यंग, ग्रॅम बिडर, रॉबर्ट स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएसच्या दहा रुग्णांना एमआरआयच्या एका नव्या यंत्रात झोपवलं. त्याचं चुंबकत्व आजच्या रुग्णालयांतल्या नेहमीच्या यंत्राच्या साधारण दहावा हिस्सा होतं. त्या दहा जणांच्या सीटी स्कॅनवर मिळून १९ व्रण दिसले होते. नव्या यंत्राने ते १९ दाखवलेच, शिवाय आणखी ११२ दाखवले. नोव्हेंबर १९८१ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. वैद्यकाच्या इतिहासात एका छोट्या लेखाने इतकं चित्र पालटल्याची उदाहरणं मोजकी आहेत. शार्कोंना शवागारात जे दिसे ते आता जिवंत माणसात दिसत होतं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पाहता येणार होतं. या तंत्राचा पाया घालणारे पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल मिळालं.

यंत्राचं काम पाण्यावर चालतं. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन असतो आणि त्याचं अणुकेंद्र एखाद्या बारीक चुंबकासारखं वागतं. बुलढाण्यात होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळवणारं पृथ्वीचं जे चुंबकत्व आहे, त्याच्या सुमारे पस्तीस हजार पट चुंबकत्व १.५ टेस्लाच्या यंत्रात असतं. त्यात शिरलं की शरीरातल्या दर दहा लाख हायड्रोजन केंद्रांमागे अवघी काही केंद्रं जास्तीची चुंबकाच्या दिशेने झुकतात. तेवढी पुरतात, कारण शरीरात पाणी अमाप आहे. मग सुमारे ६४ मेगाहर्ट्झची रेडिओलहर सोडून त्यांना ढळवायचं आणि ती मूळ जागी परतताना जो क्षीण संदेश देतात तो ऐकायचा. मायलिन गेलेल्या, सुजलेल्या जागेत पाणी जास्त आणि मोकळं असतं. तिथली केंद्रं वेगळ्या गतीने परततात आणि चित्रात ती जागा पांढरी उठते. यात क्ष-किरण अजिबात नाहीत. वारंवार तपासणी करून शरीरात रेडिएशन साठेल ही भीती अनेक घरांत असते, आणि तिच्यापायी ठरलेला एमआरआय टाळलाही जातो. ती भीती एमआरआयला लागू नाही.

खोलीत जाण्याआधी बाईच्या अंगावरून मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, केसांतल्या पिना उतरवतात. पुरुषाच्या कमरेचा करदोटा आणि त्यात अडकवलेली किल्लीसुद्धा. सोनं चुंबकाकडे ओढलं जात नाही, तरी ते काढायचं, कारण रेडिओलहरींमुळे धातू तापू शकतो आणि चित्रात त्याच्या आजूबाजूची जागा काळी, वेडीवाकडी होते. जोडवी वर्षानुवर्षांची घट्ट बसलेली असतात, ती काढताना बाई आणि तिची सासू दोघीही अवघडतात. तंत्रज्ञाने घाई न करता कारण सांगितलं की गोष्ट सोपी होते. वेल्डिंग किंवा लेथचं काम केलेल्याने डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर आधी सांगायला हवं. हृदयात पेसमेकर असेल तर तेही. आणखी एक गोष्ट नातेवाइकांनी लक्षात ठेवावी. यंत्र शांत दिसत असलं तरी त्याचा चुंबक कायम चालू असतो, रात्रीसुद्धा, वीज गेली तरीही. आतलं वेटोळं द्रव हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर ठेवलेलं असतं आणि त्यातून वीज अडथळ्याविना फिरत राहते. म्हणून लोखंडी स्ट्रेचर किंवा ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या दारातून कधीही आत जायचं नाही. आत झोपल्यावर ठोकण्याचा, घरघरण्याचा मोठा आवाज येतो. चुंबकक्षेत्र क्षणाक्षणाला बदलणारी वेटोळी थरथरतात, त्यांचा तो आवाज. मेंदू आणि मज्जारज्जू दोन्ही पाहायचे तर अर्धा-पाऊण तास, कधी जास्तही, डोकं न हलवता पडून राहावं लागतं.

तयार चित्रांमधलं एक विशेष महत्त्वाचं असतं. त्याचं नाव फ्लेअर, आणि तेही हॅमरस्मिथच्याच मंडळींनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलं. त्यात मेंदूतल्या पोकळ्यांमधलं पाणी मुद्दाम काळं केलेलं असतं, त्यामुळे पोकळ्यांच्या काठाचे पांढरे व्रण स्पष्ट दिसतात. बाजूने घेतलेल्या छेदात, मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्यापासून वर जाणारे लांबट व्रण दिसतात, जणू पोकळीतून बोटं वर निघाली आहेत. एडिंबराच्या जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचं वर्णन केलं होतं, म्हणून त्यांना आजही डॉसनची बोटं म्हणतात. बारीक शिरांच्या भोवती दाह सुरू होतो आणि शिरा त्याच दिशेने जातात, म्हणून व्रणही तसेच लांबट. आजच्या चांगल्या यंत्रावर व्रणाच्या मधोमध ती शीर काळ्या रेघेसारखी दिसू शकते.

ती शीर दिसणं महत्त्वाचं आहे, कारण मेंदूतला प्रत्येक पांढरा ठिपका एमएसचा नसतो. रिपोर्टमध्ये 'डिमायलिनेशन' (मायलिन निघून जाणं) हा शब्द वाचून घाबरलेली माणसं बरीच भेटतात. रक्तदाब, मधुमेह, वाढतं वय, अर्धशिशी यांतही पांढरे ठिपके येतात. आपल्या भागात तर इतर शंकाही मनात ठेवाव्या लागतात. क्षयाच्या गाठी आणि मेंदूत गेलेली टेपवर्मची अळी ही आपल्याकडची नित्याची निदानं आहेत. शिवाय ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. शेगावच्या पंचक्रोशीत माळकरी, शाकाहारी घरं पुष्कळ. मांस-अंडी वर्ज्य आणि दूधही बेताचंच असलं की ब-१२ घसरतं, पायांना मुंग्या येतात, तोल जातो आणि मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला लांब पांढरी रेघ उमटते. यावरचा उपाय साधा आणि स्वस्त आहे: ब-१२ ची इंजेक्शनं. रक्ताची ही तपासणी न करता एमएसचा शिक्का मारणं हा रुग्णावर अन्याय आहे. दुसरा भाऊबंद आजार म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. त्यात डोळ्याची नस आणि मज्जारज्जू जोरात सुजतात, आणि मज्जारज्जूतला व्रण तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब असतो. एमएसमधला बहुधा आखूड असतो. २००४ मध्ये या आजाराची खूण असलेलं प्रतिद्रव्य सापडलं, आणि तेव्हापासून रक्त तपासून फरक करता येतो. फरक करावाच लागतो, कारण एमएसवर दिलं जाणारं इंटरफेरॉन या आजारात उलट अपाय करतं.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. एमएसच्या व्याख्येतच पूर्वापार काळ आहे. हल्ले मेंदू-मज्जारज्जूच्या वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी झालेले असावेत, ही एमएसची जुनी कसोटी. इयन मॅकडोनल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे निकष २००१ मध्ये आले आणि त्यांत एमआरआयला अधिकृत स्थान मिळालं. २०१७ च्या सुधारणेत चार जागा नेमून दिल्या: पोकळ्यांचा काठ, मेंदूचा पृष्ठभाग आणि त्याच्या लगतचा भाग, मेंदूचा खालचा व मागचा भाग, आणि मज्जारज्जू. यांतल्या किमान दोन ठिकाणी व्रण हवा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ताज्या सुधारणेने डोळ्याची नस ही पाचवी जागा धरली. एमआरआयवरून वेळ सिद्ध करायचे मार्ग दोन. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं की ताजे व्रण उजळतात, कारण तिथली रक्तवाहिन्यांची तटबंदी फुटलेली असते. जुने उजळत नाहीत. म्हणजे एकाच चित्रात ताजं आणि जुनं दोन्ही सापडू शकतं. ते जमलं नाही, तर काही महिन्यांनी दुसरा एमआरआय करायचा आणि पहिल्याशी ताडून नवा व्रण शोधायचा.

निदान झाल्यावर तर दुसरा मार्गच आयुष्यभराचा होतो. रुग्णाला जाणवणाऱ्या एका हल्ल्यामागे एमआरआयवर पाच ते दहा नवे व्रण दिसू शकतात; बाकीचे गुपचूप येतात, ज्या जागी लक्षण उमटत नाही अशा जागी. १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन-बीटाला परवानगी मिळाली, तेव्हा ३७२ रुग्णांच्या चाचणीत हल्ले कमी झाल्याचं दिसलं होतं. पण मनं वळली ती एमआरआयमुळे, औषध घेणाऱ्यांच्या मेंदूत व्रणांची वाढ थांबलेली पाहून. तेव्हापासून औषध लागू पडतंय का, या प्रश्नाचं उत्तर नव्या व्रणांच्या मोजणीत शोधतात. औषध सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी एक एमआरआय करून तो नवा आधार धरायचा आणि पुढे साधारण दरवर्षी त्याच्याशी तुलना करायची, अशी आज सर्वमान्य पद्धत आहे. नतालिझुमॅबसारख्या औषधावर असलेल्या काही रुग्णांना तर दर तीन-सहा महिन्यांनी तपासावं लागतं, कारण त्या औषधामुळे मेंदूत एका विषाणूचा घातक संसर्ग डोकं वर काढू शकतो, आणि तो लक्षणांआधी चित्रात दिसतो.

ही तुलना बुलढाण्यात कशी फसते ते पाहण्यासारखं आहे. पहिला एमआरआय अकोल्यात, पाच मिलिमीटर जाडीचे छेद आणि मध्ये मोकळी जागा सोडून. दुसरा संभाजीनगरला, तीन मिलिमीटरचे सलग छेद. पहिल्यात चार मिलिमीटरचा व्रण दोन छेदांच्या मधल्या फटीत निसटलेला असू शकतो. दुसऱ्यात तो दिसतो आणि 'नवा व्रण' ठरतो. त्यावरून चांगलं लागू पडलेलं औषध बदललं जातं, आणि महागडं औषध सुरू होतं. भूजल विभागाचे लोक गावागावांतल्या ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी ठरावीक महिन्यांतच मोजतात. यंदा एका विहिरीची ऑक्टोबरची पातळी आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच विहिरीची मे महिन्यातली पातळी घेतली, तर त्यावरून पाणी वाढलं की घटलं हे कोणी सांगू शकणार नाही. मेंदूच्या बाबतीतही तीच विहीर, तोच महिना, तीच दोरी लागते: शक्यतो तेच केंद्र, तेवढ्याच ताकदीचं यंत्र, तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसलेले सलग छेद, आणि डोकं त्याच कोनात. रेफर करणाऱ्या डॉक्टरने चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' न लिहिता 'एमएससाठी, आधीच्याशी तुलना' एवढं लिहिलं तरी केंद्रावरचं काम बदलतं.

जुने एमआरआय जपणं त्यासाठीच. घरात ते मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या मागे किंवा माळ्यावर असतात. आजच्या बऱ्याच फिल्मा थर्मल असतात. पत्र्याच्या घरात, मलकापूर-नांदुऱ्याच्या मे महिन्यात माळ्यावर ठेवल्या तर उष्णतेने काळवंडतात. तशीही फिल्मवर निवडक चित्रंच छापलेली असतात. केंद्राकडून सीडी किंवा पेन ड्राइव्हवर सगळ्या फाइली मागून घ्याव्यात. तो रुग्णाचा हक्क आहे आणि खर्चही फारसा नाही. त्यांची एक प्रत मुलाच्या किंवा भावाच्या फोनवर, एक कुठल्यातरी ऑनलाइन खात्यात. दहा वर्षांपूर्वीचा एमआरआय समोर असला, की न्यूरॉलॉजिस्ट पाच मिनिटांत जे सांगतो ते नव्या तपासण्यांचा ढीग सांगू शकत नाही.

गॅडोलिनियमबद्दल या जिल्ह्यात वेगळं सांगायला हवं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुऱ्याच्या गावांतून जातो आणि तिथल्या मूत्रपिंडाच्या आजारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं मांडल्या जात आहेत. गॅडोलिनियम लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड फार कमजोर असेल, तर काही प्रकारच्या गॅडोलिनियममुळे त्वचा आणि सांधे आखडणारा गंभीर विकार होऊ शकतो. म्हणून त्या भागातल्या रुग्णाने रक्तातलं क्रिएटिनिन तपासल्याशिवाय इंजेक्शनवाला एमआरआय करू नये. नेहमीच्या वार्षिक तपासणीला ते इंजेक्शन लागतच असं नाही. जुनं चित्र हाताशी असेल, तर नवा व्रण त्याच्याविना कळतो. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला जुनी सीडी जपण्याचं हे आणखी एक कारण.

आणि ऊन. एमएसच्या रुग्णाच्या शरीराचं तापमान थोडंसं वाढलं तरी जुनी लक्षणं उफाळतात, कारण आवरण गेलेल्या तंतूत उष्णतेने संदेश अडतो. श्रमानंतर रुग्णाची नजर तात्पुरती अंधुक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उट्हॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं. घाटावर बुलढाणा शहर त्यातल्या त्यात थंड. घाटाखाली खामगाव-मलकापूरला पारा ४३-४४ वर जातो. निंदणीला गेलेल्या बाईला भर उन्हात अंधुक दिसू लागतं, पाय उचलत नाही. घरचे नवा झटका म्हणून धावाधाव करतात, सलाइनमधून स्टेरॉइड सुरू होतं. सावलीत बसवून, डोक्यावर-मानेवर ओला पंचा ठेवून, थंड पाणी पाजून काही तासांत दृष्टी पूर्ववत झाली तर तो नवा हल्ला नव्हे. खरा हल्ला चोवीस तासांहून अधिक टिकतो आणि त्या वेळी ताप नसतो. शंका उरलीच, तर एमआरआय मदतीला येतो: नवा व्रण नसेल, तर स्टेरॉइडची गरज बहुधा नसते.

व्रणांची संख्या आणि माणसाची अवस्था यांचा मेळ मात्र नेहमी बसत नाही. वीस व्रण असलेला माणूस मोटारसायकलवर चिखलीला बाजार करून येतो, आणि मज्जारज्जूत एकच व्रण असलेल्याला काठी लागते. जागा महत्त्वाची. शिवाय पांढऱ्या ठिपक्यांबाहेरही मेंदू हळूहळू झिजतो. निरोगी माणसात वर्षाला ०.१ ते ०.३ टक्के, उपचार न घेतलेल्या एमएसमध्ये ०.५ टक्क्यांहून अधिक. थकवा तर कुठल्याच फिल्मवर येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एमएसचा समावेश मान्यताप्राप्त २१ दिव्यांगत्वांमध्ये केला. प्रमाणपत्रासाठी गेलेल्या रुग्णाची फिल्म पाहून टक्का ठरवणं चूक आहे. तो त्याच्या चालण्यावरून, हातांवरून, नजरेवरून आणि लघवीवरच्या ताब्यावरून ठरायला हवा.

जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं आहे. पुढच्या काळात एमएसचा रुग्ण तिथेच वर्षानुवर्षं पाहिला जावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. चाकांवर ढकलत नेता येणारी, ०.०६४ टेस्लाची छोटी यंत्रंही आता आली आहेत. त्यांना तांब्याचं अस्तर लावलेली खोली लागत नाही आणि साध्या सॉकेटवर ती चालतात. अमेरिकेत एमएसच्या ३३ रुग्णांवर अशा यंत्राची परीक्षा घेतली, तेव्हा ३१ जणांमध्ये व्रण सापडले. पहिल्या संशयासाठी ते पुरेसं ठरू शकेल. पण पाच-सहा मिलिमीटरपेक्षा लहान व्रण त्याला नीट दिसत नाहीत, आणि पाठपुराव्यात नवा म्हणून शोधायचा व्रण तीन मिलिमीटरचाही असतो. तेव्हा वर्षाकाठच्या तुलनेसाठी १.५ किंवा ३ टेस्लाचं मोठं यंत्र, एकाच ठिकाणचं, हाच सध्या भरवशाचा मार्ग आहे.